भावावर गुन्हा दाखल झाला आहे : कलमे कशी वाचावीत आणि साताऱ्यात फौजदारी वकील कसा शोधावा?

पाटाचे_पाणी (धागाकर्ता)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका गावातून लिहीत आहे. गावाचे व पोलीस ठाण्याचे नाव मुद्दाम देत नाही. गेल्या गुरुवारी संध्याकाळी सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावकीत वाद झाला आणि त्यात माझ्या धाकट्या भावाच्या हातातील फावड्याचा दांडा चुलतभावाच्या कपाळाला लागला. तीन टाके पडले. त्याच रात्री त्यांनी फिर्याद दिली. भारतीय न्याय संहितेची कलमे ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) लावली असून भाऊ आणि वडील असे दोघे आरोपी आहेत. वडील ६६ वर्षांचे आहेत आणि त्या वेळी ते विहिरीवर नव्हतेच. आईच्या मनगटालाही मार लागला होता, पण आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा आमची तक्रार एन. सी. (अदखलपात्र) म्हणून लिहून घेतली आणि घरी जाण्यास सांगितले.

भाऊ घाबरून पुण्याला मावशीकडे गेला आहे. ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. "साहेबांशी बोलून दोन दिवसांत वडिलांचे नाव काढून देतो", असे म्हणून त्यांनी रक्कमही सांगितली. आमच्या घरात आजवर कोणी कोर्टाची पायरी चढलेले नाही. या कलमांचा अर्थ काय, अटक होणारच का, आणि वकील कोणत्या खात्रीने निवडावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

---

निवृत्त_शिरस्तेदार

टपरीवरच्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. गुन्हा नोंदल्यानंतर आरोपीचे नाव कोणी 'काढून' देत नसते. तपासात पुरावा मिळाला नाही तर तपासी अंमलदार तसे न्यायालयाला कळवतो, आणि ते मान्य करायचे की नाही हे न्यायालय ठरवते.

आता पहिले काम. वकिलाकडे जाण्याआधी फिर्यादीची प्रत मिळवा आणि ती स्वतः दोनदा वाचा. संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर अहवाल (एफ. आय. आर., म्हणजे नोंदवलेली फिर्याद) २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख भरली की तो बहुधा सापडतो. न सापडल्यास ठाण्यात किंवा न्यायालयात नकलेसाठी अर्ज करता येतो. गुन्हा रजिस्टर क्रमांक मात्र वेगळा लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक अर्जावर तो लागतो.

कलमांबद्दल. गुन्हा १ जुलै २०२४ नंतर घडला असल्यामुळे जुनी भारतीय दंड संहिता येथे लागत नाही, आणि नेमका येथेच गावातील जाणत्या मंडळींचा सल्ला चुकतो. ११५(२) म्हणजे जुने ३२३, साधी दुखापत. ३५२ म्हणजे जुने ५०४, चिथावणी देण्याच्या हेतूने केलेला अपमान. आपल्याकडे शिवीगाळ झाली की ते लागतेच. ३५१(२) म्हणजे धमकी, जुने ५०६. ही तिन्ही कलमे अदखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास किंवा अटक करू शकत नाहीत अशी) आणि जामीनपात्र (जामीन हक्काने मिळतो अशी) आहेत. ३(५) म्हणजे जुने ३४. तो स्वतंत्र गुन्हा नव्हे, तर अनेकांनी समान इराद्याने कृत्य केले असेल तर प्रत्येकजण सारखाच जबाबदार, असे सांगणारा नियम आहे. आपल्या वडिलांना या प्रकरणात बांधणारी दोरी तीच आहे.

खरे वजन ११८(१) चे आहे. घातक हत्याराने किंवा साधनाने केलेली दुखापत, जुने ३२४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जुने ३२४ व्यवहारात जामीनपात्र होते, म्हणून "टेबल जामीन (ठाण्यातच मिळणारा जामीन) होतो, काळजी करू नका" असे आपल्याला अजूनही कोणीतरी सांगेल. नव्या कायद्यात ११८(१) दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवते. त्यातला विरोधाभास पाहा : कोणी नुसत्या बुक्कीने दात पाडला तर ते गंभीर दुखापतीचे ११७(२) होते, शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, आणि तरीही ते कलम जामीनपात्र आहे, उलट साधीच जखम, पण 'घातक साधनाने' केलेली, म्हटली की अजामीनपात्र. त्यामुळे अशा फिर्यादींमध्ये हत्याराचे वर्णन करणारा एक शब्द साऱ्या प्रकरणाचे वजन ठरवतो. आपल्या फिर्यादीत नेमका कोणता शब्द आहे, ते कळवा.

---

पाटाचे_पाणी

काका, आभारी आहे. प्रत मिळाली. फिर्यादीत "लोखंडी फावड्याने कपाळावर मारले" असे लिहिले आहे. प्रत्यक्षात फावड्याचा पत्रा आदल्याच दिवशी निखळलेला होता आणि भावाच्या हातात नुसता बाभळीचा दांडा होता. घटनेची वेळ सायंकाळी ६.४५ दिली आहे.

---

सनदधारक

मी याच जिल्ह्यात फौजदारी काम करतो. स्वतःची जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी आम्हाला मनाई आहे, म्हणून नाव देत नाही, आणि कागद न पाहता प्रकरणावर अंतिम मतही देत नाही. शिरस्तेदार काकांनी मांडले आहे ते बरोबर आहे. त्यात थोडी भर घालतो.

फावडे की दांडा, याचे उत्तर वैद्यकीय प्रमाणपत्रात असते. जखमेची लांबी, ती साधी की गंभीर, आणि ती कशाने झाली असावी, याचे रकाने तेथे भरलेले असतात. "कठीण व बोथट वस्तू" असे लिहिले असेल तर लोखंडी पत्र्याच्या धारेची गोष्ट ढिली पडते. त्याने ११८(१) आपोआप जात नाही, कारण मारण्यासाठी वापरल्यास मृत्यू ओढवू शकेल असे कोणतेही साधन त्या कलमात बसते, आणि दांडा त्यात बसतो की नाही हे त्याची जाडी, लांबी आणि वार कोठे झाला यांवर अवलंबून राहते. परंतु वादाला जागा मिळते. तो दांडा घरात असेल तर त्याला हात लावू नका, जाळू नका, लपवू नका. तो आपल्या बाजूचाही पुरावा आहे.

अटकेबद्दल. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सांगितले. अटकेची गरज नसेल तेव्हा पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. नोटिशीप्रमाणे माणूस हजर राहत असेल तर लेखी कारणे नोंदल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. पण ज्याला नोटीस द्यायची तो मावशीकडे पुण्याला असेल, तर "आरोपी मिळून येत नाही" ही नोंद पोलिसांनी नव्हे, आपणच तयार करून दिली असे होते. भावाला परत बोलवा. वकील ठरेपर्यंत त्याने नातलगाकडे थांबण्यात बेकायदा काही नाही; फोन बंद करून गायब होणे मात्र पुढे जामिनाच्या अर्जात महागात पडते.

वडिलांबाबत आपल्याला कोणी सांगेल की साठीच्या पुढच्या माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. ही तरतूद, कलम ३५(७), खरी आहे. मात्र ती तीन वर्षांपेक्षा *कमी* शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. ११८(१) ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. म्हणून त्या तरतुदीवर विसंबून राहू नका. वडील ६.४५ ला कोठे होते, हे दाखवणारा कागद आहे का?

आईच्या मनगटाचा एक्स-रे काढला आहे का? हाड मोडले असेल तर ती कायद्याने गंभीर दुखापत ठरते आणि आपली तक्रार एन. सी. राहत नाही. अहवाल जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्या व पोच घ्या. दखल न घेतल्यास तोच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येतो, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. हाड मोडले नसेल तर केवळ उट्टे काढण्यासाठी फुगवून तक्रार देऊ नका.

---

पुणेकर_पाहुणा

माझे मत जरा वेगळे आहे. तालुक्याच्या ठिकाणचे वकील रोज त्याच पोलिसांबरोबर आणि त्याच सरकारी वकिलांबरोबर वावरत असतात, त्यामुळे ते कडक भूमिका घेत नाहीत. ऐपत असेल तर पुण्याचा किंवा मुंबईचा नावाजलेला वकील करावा.

---

वेण्णाकाठ

पाहुणे, आम्ही आठ वर्षांपूर्वी नेमके हेच केले होते, म्हणून विस्ताराने लिहिते.

माझ्या भावावर मारहाणीचा गुन्हा होता आणि खटला तालुक्याच्या दंडाधिकारी न्यायालयात होता. आम्ही बाहेरगावचे मोठे वकील केले. जामिनाच्या दिवशी ते आले आणि त्यांनी उत्तम युक्तिवाद केला, हे मान्य करायलाच हवे. पण फौजदारी खटला जामिनाच्या दिवशी संपत नाही, त्या दिवशी तो सुरू होतो. पुढे प्रत्येक तारखेला त्यांचे कोणी कनिष्ठ येत, ते कोर्टाच्या दारात भावाला "तुमचे प्रकरण कोणते?" असे विचारत. दोन वर्षांनी रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झाले याच्या न्यायालयातील नोंदीची) नक्कल काढली तेव्हा एकाच पानावर पाच वेळा "आरोपीचे वकील गैरहजर, मुदतीचा अर्ज मंजूर" असे वाचले. साक्षीदार तीनदा येऊन परत गेले होते. तो दोष गावाचा किंवा शहराचा नव्हता. ज्यांना दर महिन्याला त्या न्यायालयात उभे राहणे शक्य नव्हते, अशा माणसाला आम्ही निवडले होते.

मग वकील बदलताना फाईल अडली, कारण फीचा वाद निघाला. फी बाकी असली तरी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. तो दाखवल्यावर फाईल मिळाली. नवे वकील तेथेच रोज बसणारे होते. त्यांनी पहिल्याच भेटीत फिर्याद, पंचनामा आणि जखमीचे प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवले, प्रत्येक कागदावरच्या वेळेला पेन्सिलीने खूण केली, आणि मग कोठे बोलायला सुरुवात केली. मला त्यांची निवड पटली ती त्या पेन्सिलीमुळे.

नंतर मला समजलेली एक सोय सांगते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधता येतात. ज्यांचे नाव कोणी सुचवले असेल त्यांची फौजदारी प्रकरणे आपल्या न्यायालयात खरोखर किती आहेत, की सगळे काम जमिनीच्या दिवाणी दाव्यांचे आहे, हे तेथे पाचच मिनिटांत दिसते. एखाद-दुसऱ्या प्रकरणातील आदेश उघडून वाचावेत. आणि एक सकाळ न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसावे. उघड न्यायालयात बसायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि पुकारा झाल्यावर कोण फाईल वाचून उभे राहते व कोण न्यायाधीशांसमोर पाने उलटत राहते, हे आपल्यासारख्यालाही कळते.

---

निवृत्त_शिरस्तेदार

वेण्णाकाठ ताईंशी पूर्ण सहमत. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी दोन्ही प्रकारचे वकील पाहिले. पोलिसांशी रोज चहा घेऊनही उलटतपासणीत त्याच हवालदाराला घाम फोडणारे तालुक्यात कमी नाहीत.

पाहुण्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण ते उच्च न्यायालयाच्या कामापुरते. अटकपूर्व जामीन आधी सत्र न्यायालयात मागण्याची रीत आहे. तेथे नाकारला गेला तर उच्च न्यायालय, आणि त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (खंडपीठ) सुरू झाले असून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याकडे आहेत. पुढेमागे भावकीत समेट झालाच तरी हे लक्षात ठेवा : शिवीगाळ, धमकी आणि साधी दुखापत यांत खालच्या न्यायालयात तडजोड होऊ शकते, ११८(१) मात्र तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीत नाही. "फिर्यादी केस मागे घेणार आहे" हे वाक्य मी हजारदा ऐकले असेल. फिर्यादीला ती मागे घेता येत नाही, कारण खटला सरकारचा असतो. संमतीने गुन्हा रद्द करून घ्यायचा तर कोल्हापूरला जावे लागेल.

---

सनदधारक

फीबद्दल आणि हितसंबंधांबद्दल कोणी विचारले नाही, म्हणून लिहितो.

पहिल्या भेटीत चार गोष्टी मोकळेपणाने विचारा. प्रत्येक तारखेला स्वतः उभे कोण राहणार? फी टप्प्यांनी कशी आहे, म्हणजे अटकपूर्व जामीन वेगळा, दोषारोपपत्रानंतरचा खटला वेगळा, की सगळे मिळून? पावती मिळेल का? आणि समोरच्या पक्षाचे काही काम आपल्याकडे आहे किंवा होते का? लहान गावात शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण भावकीच्या वाटपाचा दावा ज्या वकिलांनी लढवला तेच दोन्ही घरांना 'आपले वकील' वाटत असतात. निकालावर अवलंबून फी ठरवणे नियमांत बसत नाही. "शंभर टक्के सोडवतो" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

भाऊ म्हणणार की झटापट झाली, वडील म्हणणार की मी तेथे नव्हतो. दोन्ही खरे असू शकते, आणि बहुतेक वेळा एकच वकील दोघांसाठी चालतो. पण उद्या एकाचा बचाव दुसऱ्याच्या अंगावर येणार असेल तर दोन वकील लागतील. हे वकिलाला आजच विचारा. वकिलाला घडले ते खरे आणि पूर्ण सांगा. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने आम्हाला बंदी आहे. दांडा भावाच्या हातात होता हे आपल्या वकिलाला सरकारी वकिलांच्या तोंडून प्रथम कळण्यात आपले काही हित नाही.

फी परवडत नसेल तर साताऱ्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ लोकअभिरक्षक आहेत. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आईच्या तक्रारीसाठी त्यांना स्वतंत्रपणे मोफत वकील मागता येईल. १५१०० या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील, हा समज सोडून द्या. लोकअभिरक्षक खासगी प्रकरणे घेत नाहीत, दिवसभर हेच काम करतात.

---

पाटाचे_पाणी

सर्वांना उत्तरे द्यायला बारा दिवस लागले, क्षमस्व.

भाऊ दुसऱ्याच दिवशी परत आला. वेण्णाकाठ ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी एक सकाळ तालुक्याच्या न्यायालयात बसून काढली, ई-कोर्ट्सवर तीन नावे पाहिली आणि त्यांतील एक वकील ठरवले. वडील ६.४५ ला कोठे होते, हे त्यांनीही पहिल्याच भेटीत विचारले. वडील म्हणाले, "कुठे असणार, डेअरीवर." आमच्या दूध संकलन केंद्रावर यंत्रातून पावती निघते, फॅट, लिटर आणि वेळ छापलेली. आईने ती डब्यात सांभाळून ठेवली होती, कारण दहा दिवसांच्या पगाराला ती जुळवावी लागते. पावतीवर वेळ ६.५२ आहे, आणि केंद्र विहिरीपासून अडीच किलोमीटरवर आहे. वडिलांना सायकलशिवाय काही चालवता येत नाही. वकिलांनी आधी पावतीची झेरॉक्स काढायला लावली, कारण त्या कागदावरची अक्षरे महिन्या-दोन महिन्यांत उडून जातात. केंद्राच्या संगणकातील नोंद आणि तिच्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे (संगणकातील नोंद पुरावा म्हणून देताना लागणारे) प्रमाणपत्र मिळावे म्हणून केंद्राच्या सचिवांना लेखी पत्रही दिले आहे.

पोलिसांनी दोघांना ३५(३) ची नोटीस दिली. वकिलांसह ठाण्यात गेलो, जबाब झाला, दांडा पंचांसमोर दाखवला व पंचनाम्याने जप्त झाला. अटक झाली नाही. तरीही कलम अजामीनपात्र असल्याने सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज केला आहे. दोघांना अंतरिम संरक्षण मिळाले असून सरकार पक्षाचे म्हणणे यायचे आहे. आईच्या मनगटाचे हाड मोडलेले नाही, केवळ मुका मार आहे, म्हणून ती तक्रार एन. सी. च ठेवली.

एक शंका आहे. वकील म्हणाले की आत्ता वडिलांच्या नावासाठी भांडायची घाई नको. म्हणजे काय?

---

सनदधारक

योग्य सांगितले आहे. फिर्यादीत नाव येणे, दोषारोपपत्रात नाव येणे आणि न्यायालयाने आरोप निश्चित करणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तपासी अंमलदाराने पावतीची दखल घेतली तर वडिलांचे नाव दोषारोपपत्रात कदाचित येणारच नाही. आले, तर कागदांच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा (आरोप निश्चित होण्याआधीच प्रकरणातून वगळण्याचा) अर्ज करता येतो; पण त्या टप्प्यावर न्यायालय मुख्यतः पोलिसांनी दिलेले कागद पाहते, बचावाचे नव्हे. म्हणून पावती आत्ताच लेखी अर्जासोबत तपासी अंमलदाराकडे द्या आणि पोच घ्या, म्हणजे ती तपासाच्या कागदांत जाईल. पुढे जामीन नियमित करताना जामीनदाराचा चालू सातबारा, ओळखपत्र आणि छायाचित्रे लागतील. ती आधीच जमवून ठेवा, नाहीतर आदेश हातात असूनही कागद जमवण्यात दिवस जातो.

---

पाटाचे_पाणी

अर्ज आज दिला, पोच मिळाली. मामा जामीनदार राहणार आहेत. भावाला दर रविवारी ११ ते २ या वेळेत ठाण्यात हजेरी आहे आणि विहिरीच्या पाण्याची आमची पाळीही नेमकी रविवारचीच, त्यामुळे तीन आठवडे मोटर मीच चालू करतो आहे. चुलतभाऊ बांधावर उभा असतो. कपाळावरचे टाके निघाले आहेत. वकिलांनी बजावले असल्यामुळे आम्ही एकमेकांशी बोलत नाही.